रॉकेलवर घ्यायच्या आधी

ये, रोसामेल. पोंचो खुंटीला लाव.
मफलरही. लोंबणारं काहीच नको अंगावर,
पट्ट्याला दात नसतात, पण धरलं की तो सोडत नाही.

आधी तेल. काडी काढ, फडक्याला पूस,
पुन्हा बुडव, पुन्हा काढ.
कालच्यापेक्षा वर दिसतंय?
खूश होऊ नकोस. तेल कधी आपोआप वाढत नाही.
न जळलेलं रॉकेल खाली झिरपतं, हुंगून बघ.
असा वास आला की सगळं ओतून टाक, नवं भर,
पैशांचा हिशेब करत बसू नकोस.
पातळ रस्सा या घरात चालतो, पातळ तेल नाही.

टाक्या दोन. लाल रेघेची पेट्रोलची, लहान.
मोठी रॉकेलची.
थंड इंजिनाला रॉकेल पचत नाही,
म्हणून सुरुवात पेट्रोलवर. तोवर माते पी,
घाई नाही, तलाव कुठे पळून जात नाही.
पाण्याच्या भांड्याला हात धरवेनासा झाला
की मग हा कॉक फिरव.
थांबवताना उलट: पुन्हा पेट्रोलवर आण,
थोडं चालू दे, मग बंद.
नाहीतर रात्रभर घशात रॉकेल धरून बसतं
आणि सकाळी हँडल मारून मारून
तुझा खांदा जातो.

प्लग काळा झाला तर घासायचा, फेकायचा नाही.
नवा कोयाइकेहून येतो, होडीने,
वारा असेल तर नऊ दिवस, आणि वारा असतोच.

गरम टाकीत रॉकेल ओतायचं नाही.
मेंढ्या ओरडल्या तरी, कातरणारे ओरडले तरी.
त्यांना म्हणावं, बाहेर जाऊन सिगारेट ओढा.
बाहेर.

जूनमध्ये रात्री पाणी काढून टाकायचं,
खालच्या कॉकमध्ये तार घालून बघायचं.
गाळ अडकतो आणि वाटतं, संपलं पाणी.
बारिएन्तोसलाही तसंच वाटलं होतं.
त्याच्या इंजिनाला गेलेली भेग बघून ये एकदा,
आत कोंबडी अंडी घालते आता.

हँडल. नीट बघ.
अंगठा बोटांच्या बाजूलाच. मूठ वळायची नाही.
खाली दाबायचं नाही, वर ओढायचं.
उलटा झटका आला तर हात सुटला पाहिजे.
हा माझा अंगठा, एकोणसत्तर सालचा.
ओनोफ्रेने मला चार वेळा सांगितलं होतं,
पाचव्यांदा इंजिनाने सांगितलं.

काल तू विचारलंस, शेडला दार का नाही,
मेंढीसुद्धा इथे काकडेल म्हणालास.
काकडू दे.

जुलै होता. बर्फ आडवं येत होतं,
दिव्यांच्या बॅटऱ्या भरायच्या राहिल्या होत्या.
त्याने दार ओढून घेतलं, एवढंच केलं.
धूर दिसतो, रॉकेलचा वास येतो,
मारणारं जे असतं ते दिसतही नाही, येतही नाही.
मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते,
आणि इंजिन इतकं छान चाललं होतं!
एक ठोका चुकला असता तर धावले असते मी.
त्याने आदल्याच दिवशी सगळं साफ केलं होतं,
एकही ठोका चुकला नाही.
टाकी संपली तेव्हा ते थांबलं.
मी म्हटलं, झालं काम,
आणि दोन ताटल्या मांडल्या.

दार मी बिजागऱ्यांतून काढलं, एकटीने.
लाकूड चांगलं होतं, सायप्रसचं, जाळवेना.
रात्री तू ज्याच्यावर जेवलास ते तेच.
डाव्या कोपराखाली कडीचं भोक आहे,
त्यात पावाचे कण जातात,
चाकूच्या टोकाने काढावे लागतात.

बरं.
पेट्रोलचा कॉक उघडा आहे? तेल बघितलंस?
अंगठा कुठेय, दाखव.